आवाज थांबला की हात थांबतो

बुधवार, ५ नोव्हेंबर. त्रिपुरारी पौर्णिमा.
सकाळी न्हाणीत परत डाग दिसला. मागच्या महिन्यात एकदा दिसला तेव्हा उष्णतेचा म्हणून सब्जा घेतला, गेला. आज जास्त. पाळी गेली तेव्हा परागचं लग्नही व्हायचं होतं. आता त्याची चिऊ पहिलीत आहे. मग हे काय?
नाशकातल्या आपल्या गंगेवर दिवे सोडायला जायचं ठरलं होतं. कंबर धरलीय म्हणून घरी राहिले. वर्षभर वळलेल्या वाती सुनेच्या, सायलीच्या हातात दिल्या. ती आणि पराग गेले, ह्यांनी टीव्ही लावला. देवाला शिवले नाही, उंबऱ्यातूनच हात जोडले. या वयात विटाळ धरायचा की नाही हे विचारायचं तरी कोणाला. सासूबाई नाहीत. भटजींना कसं विचारणार.
खर्च मागच्या पानावर.

शनिवार, ८ नोव्हेंबर. संकष्टी.
सायलीने पकडलं. बँकेला सुट्टी, घरात होती. मोदकाचं सारण परतत होते तर मागून येऊन म्हणाली, "आई, पौर्णिमेपासून देवांना आंघोळ मीच घालतेय. तुम्ही देवघरात पाऊल टाकलेलं नाही. काय झालंय ते सांगा."
कंबर म्हटलं. म्हणाली, कंबर दुखते तर पोळपाटाशी कशा बसता?
सांगितलं मग. ओरडली नाही. गॅस बंद केला, सारण तसंच राहिलं. मी म्हटलं थांबेल आपोआप. थांबलं तरी दाखवायचं, म्हणाली. पाळी गेल्यावर परत आलं तर वाट बघायची नसते असं तिच्या मैत्रिणीच्या आईच्या वेळी डॉक्टर बोलले होते. त्या आईचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.
चंद्र उशिरा दिसला. भूक अशी लागलीच नाही.

मंगळवार, ११ नोव्हें.
कॉलेज रोडला दवाखाना. सायली अर्धी रजा टाकून आली. डॉ. मॅडम वयाने तिच्याएवढ्याच असतील, काकू म्हणतात. सोनोग्राफी झाली. पिशवीचं अस्तर जाड दिसतंय. आतला जरासा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. ॲडमिट नको, भूल नको, इथेच टेबलावर. पाळीत दुखतं तसं दुखेल, काहींना जास्त दुखतं, असं मॅडमनी आपणहून सांगितलं. आधी एक गोळी घ्यायची, खाऊन.
बहुतेक वेळा साधंच निघतं म्हणाल्या. पण बघायला हवं. त्या 'पण'वरच माझं मन अडकलंय.
येताना रिक्षा करू म्हणत होती. बस होती की समोर.
ह्यांना जेवताना सांगितलं. घास हातात राहिला. मग म्हणाले, मीठ कमी आहे का आज? मीठ बरोबर होतं.

गुरुवार, १३ नोव्हें.
डाग थांबले. न्हाले. देवांना स्वतः आंघोळ घातली, फार बरं वाटलं.
येवल्याला अक्कांना फोन केला. ह्यांची थोरली बहीण. मागावर बसतात अजून, एक पैठणी सुटायला महिना महिना, तरी फोन घेताना हात चालू असतो, धोट्याचा आवाज येतो. मी तुकडा काढायचं सांगितलं तसा तो आवाज थांबला.
अक्का म्हणाल्या, त्यांनाही असंच झालं होतं. दोन दिवाळ्या मागे. तिकडच्याच एका दवाखान्यात टेबलावर घेतलं. कळ आली तशी ओरडल्या, तर तिथली बाई म्हणाली, "चार बाळंतपणं झाली ना आजी, मग एवढं काय?" अक्का टेबलावरून उतरल्या, लुगडं नेसलं आणि एसटी धरली. परत गेल्या नाहीत. घरात कोणाला माहीत नाही.
"आणि आता? डाग दिसतो?"
"दिसतो कवा कवा. मला काय झालंय, मी हाय ना उभी," म्हणाल्या. मग हळूच, "सुमन, लय लाजले गं मी त्या दिवशी."
ह्यांना सांगू नको म्हणाल्या. सांगणार नाही. पण जीव लागत नाही.
मी ठरवलं आहे. ओरडायचं नाही. तोंडातून अक्षर काढायचं नाही.

सोमवार, १७ नोव्हें. रात्री लिहितेय, पडूनच. अक्षर वाकडं.
सकाळी पोहे खाऊन गोळी घेतली. प्रवासाची तुळशीची माळ गोमुखीत घालून बरोबर नेली. अशा जागी माळ न्यावी की नाही याचा विचार केला. पण देवीला ठाऊक आहे मी का नेली.
बाकावर बसल्या बसल्याच माळ सुरू केली. माळ पुरी व्हायच्या आत नाव पुकारलं. मध्येच कशी सोडणार? तशीच आत गेले, शालीखाली हात. मॅडम म्हणाल्या, "काकू, दुखलं तर सांगायचं, मी लगेच थांबेन." मान हलवली. माळ चालू असताना आमच्याकडे बोलत नाहीत. सासूबाईंनी घातलेली सवय. दूध उतू गेलं तरी मेरुमणी येईपर्यंत खूण करायची, बोलायचं नाही.
गार लोखंड. ते सोसलं. मग ती नळी. कळ म्हणतात ती येते, जाते, तिची आपली जुनी ओळख असते. ही तशी नव्हती. आतून चिमट्यात धरून कोणी ओढतंय, ते कानापर्यंत. मॅडम विचारत होत्या, ठीक आहे ना काकू? मी मणी ओढत होते. त्या म्हणाल्या, छान, छान, अगदी शांत आहात. मी आणखी घट्ट मणी धरला.
मग छतावरचा पंखा लांब गेला.
डोळे उघडले तर पाय वर केलेले, तोंडावर गार पाणी, सिस्टर हात चोळतेय. मॅडमचा चेहरा उतरलेला. विचारतात, बोलला का नाहीत? इतकं दुखत होतं तर बोलायचं ना! मी खुणेने थांबा सांगितलं, गोमुखी चाचपली, राहिलेले मणी पुरे केले आणि मग बोलले.
सांगितलं माळेचं. वाटलं हसतील. हसल्या नाहीत. स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही गप्प होतात म्हणून मला वाटलं सगळं नीट चाललंय. मी तुमच्या तोंडाकडे बघायला हवं होतं."
डॉक्टर असं म्हणतात हे मी पहिल्यांदा ऐकलं.
तुकडा पुरेसा आला नाही. परत करावं लागणार. एक तर भूल देऊन ऑपरेशनच्या खोलीत, नाहीतर परत इथेच, पण यावेळी पिशवीच्या तोंडाशी बधिर करायचं इंजेक्शन देऊन. काय ते मी ठरवायचं. घाई नको, पण लांबवूही नका.
हे बाहेर उभे होते. कधी आले, कोणी बोलावलं, माहीत नाही. दारात रिक्षा उभी केलेली. आम्ही लग्नाला सुद्धा बसने जातो. ह्यांनी शाल नीट केली माझी.

बुधवार, १९ नोव्हें.
डाग परत सुरू. मॅडमनी सांगितलंच होतं काही दिवस राहील. म्हणजे देवघर सायलीकडे.
भुलीचं मनाला पटत नाही. धाकट्या काकांना भूल चढली होती ते लहानपणी पाहिलंय. आणि टेबलाची आठवण आली की पाय गार पडतात. भाजी निवडताना, कपडे घड्या करताना, कधीही. अक्का परत का गेल्या नाहीत ते आता कळलं. मी पण नाही गेले तर? कोण विचारणार आहे.
चिऊ विचारणार. कालच म्हणाली, आजी, माझ्या लग्नात तू कोणती साडी नेसणार?

शनिवार, २२ नोव्हें.
मार्गशीर्ष लागला. पहिला गुरुवार २७ला. लग्न होऊन आले त्या वर्षापासून मार्गशीर्षातल्या गुरुवारी घट मी मांडते. अडचणीचे दिवस आणि बाळंतिणीची खोली सोडली तर कधी चुकलं नाही.
डाग आहेतच, कमी. सायलीला म्हटलं, तुला मांडावा लागेल. तिला काही येत नाही, ते तिनेच सांगितलं. मोबाईलवर बघून करते म्हणाली. नको म्हटलं. मोबाईलवाल्या बाईला आमच्या घरची पाच पानं कुठं माहीत.
हे दुपारी चहा करून घेऊन आले. साखर नव्हतीच त्यात. प्याले सगळा.

गुरुवार, २७ नोव्हें. मार्गशीर्ष, पहिला गुरुवार.
आजचं सविस्तर लिहून ठेवते.
सायलीने लवकर न्हाऊन माझी जुनी जांभळी नेसली. मी देवघराच्या बाहेर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाटावर बसले. पोथीला शिवायचं नाही, पण पोथी तोंडपाठ आहे. तोंडाला कसला विटाळ. मोठ्याने म्हणत गेले आणि ती तसं तसं मांडत गेली. चौरंग, तांदूळ, कलश, पाच पानं, नारळ, वेणी. मला तिचे हात दिसत होते. ती मागे पडली की मी थांबे. मी थांबले की ती पण हात थांबवून माझ्याकडे बघे, काही चुकलं का म्हणून. एकदा मला ठसका लागला तर बिचारी हळदीची चिमूट धरून तशीच बसली. मी खोकतेय आणि ती पुतळ्यासारखी. शेवटी दोघी हसत सुटलो. व्रताला हसू नये, पण देवीही हसली असेल.
छान मांडलाय घट. वेणी जरा डावीकडे झुकलीय.
आरती झाली आणि मी उंबऱ्यातच बसून राहिले. मनात आलं, माझा आवाज चालतो तोवर हिचा हात चालतो. आवाज थांबला की हात थांबतो. त्या दिवशी मी मनात म्हणत होते, ते मॅडमना ऐकू कसं जावं? देवीला ऐकू गेलं असेल. पण नळी काही देवीच्या हातात नव्हती.
सायलीला बोलून दाखवलं. ताट वाढता वाढता थांबली, म्हणाली, आई, हेच सांगा त्यांना. अगदी असंच.

मंगळवार, २ डिसेंबर.
कालची एकादशी झाली, आज मॅडमकडे. हे बरोबर. सायलीला नको म्हटलं, रजा किती टाकेल.
सांगताना लाज वाटली. मी म्हटलं, मॅडम, मला भूल नको. पण यावेळी माळ नाही आणणार. मी देवीची नावं घेईन, मोठ्याने. माझं चालू आहे तोवर तुम्ही करा. मी थांबले की तुम्ही थांबायचं. परत सुरू केलं की परत करा.
मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, काकू, म्हणजे लगाम तुमच्या हातात. हो म्हटलं, तसंच काहीतरी. म्हणाल्या चालेल, नक्की. इंजेक्शन देणार, गोळी जरा जास्तीची, त्यानंतरही थांबावं लागलं आणि जमलंच नाही तर सोडून देणार, जबरदस्ती नाही, मग भुलीचं बघू. हे सगळं त्यांनी ह्यांच्याकडे बघून नाही, माझ्याकडे बघून सांगितलं.
गुरुवार म्हणत होत्या. गुरुवारी माझा उपास, शिवाय दत्तजयंती, गोळी उपाशीपोटी चालत नाही. शुक्रवार ठरला.
बाहेर आल्यावर हे म्हणाले, "इतकं मोठ्याने बोलतेस तू डॉक्टरांशी? माझ्याशी तर कुजबुजतेस." म्हटलं, तुम्हाला ऐकू येतं म्हणून.

शुक्रवार, ५ डिसें.
झालं. देवी, झालं.
क्रमाने लिहिते. सकाळी वरणभात खाल्ला, गोळी घेतली. ह्यांनी काचेच्या बाटलीत गरम पाणी भरून स्वतःचा मफलर गुंडाळून दिली. रबरी पिशवी आणू म्हणत होते, मी कशाला म्हटलं. बाटली पोटावर धरून गेले. रिक्षाने.
उशाशी तीच सिस्टर. नामपूरची आहे, नोकरीसाठी नाशकात. तिने माझा हात धरला. मॅडम म्हणाल्या, करा सुरुवात काकू.
पहिली नावं नुसती पुटपुटले. दवाखान्यात देवीचं नाव असं मोठ्याने, बाहेर लोक बसलेले. मग आला आवाज. इंजेक्शन टोचलं, थांबले, त्या थांबल्या. खरंच थांबल्या, लोखंड हललं सुद्धा नाही. मला आश्चर्यच वाटलं. म्हणाल्या, "थांबलेय. तुम्ही सांगाल तेव्हा." श्वास घेतला, परत सुरू केलं.
नळीच्या वेळी दुखलं. दुखलं नाही असं लिहिणार नाही. पण गेल्या वेळसारखं कानापर्यंत नाही, बेंबीपर्यंत. एकदा मधेच आवाज तुटला, हात थांबला. सिस्टर वाकून तिच्या बोलीत म्हणाली, "दुखी ऱ्हायनं का, माय?" अर्थ कळला. हो म्हटलं. रडले थोडी. कोणी म्हणालं नाही की एवढं काय. सिस्टरने माझ्याच पदराने डोळे पुसले. मग म्हटलं, चला.
पुढे परत थांबले. सगळे थांबले. मॅडमनी विचारलं, दुखतंय? म्हटलं, नाही हो, पुढचं नाव आठवत नाहीये. सिस्टर फसकन हसली. मॅडम म्हणाल्या, काकू, हसवू नका, माझा हात हलेल. शेवटी पहिल्यापासून सुरू केलं आणि निम्म्यात नाही आले तोच मॅडम म्हणाल्या, झालं.
तुकडा पुरेसा आला. बाटलीत घालून मला दाखवला. शेवईच्या तुकड्याएवढा. त्यासाठी एवढं.
थोडा वेळ पडून राहिले, चहा बिस्कीट दिलं. जाताना सिस्टर पाया पडायला वाकली, मी तिला धरलं. उलट मीच पडायला हवं होतं. मॅडमना म्हटलं, तुमचे हात फार चांगले आहेत. म्हणाल्या, आज हात तुमच्या तोंडाने चालले.
बाहेर हे दोन्ही हात गुडघ्यांत घालून बसलेले. म्हणाले, सगळ्या हॉलला ऐकू येत होतं. एक म्हातारी तर हात जोडून बसली होती. मग वळून नाक शिंकरलं.
रिपोर्टला आठ-दहा दिवस.

शनिवार, ६ डिसें.
डाग अगदी थोडे. पोट जड. दिवसभर झोप.
सायलीने ज्वारीची भाकरी केली, जाड झाली. ऊन ऊन खाल्ली. किती माणसं माझ्यासाठी झटताहेत. मी काय केलं होतं यांच्यासाठी? रोजचंच तर सगळं.
देवी, रिपोर्ट कसाही असो, कालचा दिवस तू दिलास.
(कसाही असो असं लिहिलं खरं. तसं नाही. साधाच असू दे.)

गुरुवार, ११ डिसें. तिसरा गुरुवार.
डाग गेले. घट मीच मांडला. सायली उंबऱ्यात बसली, म्हणाली आता तुम्ही हात चालवा, मी बोलते. दोन ओळी आल्या तिला.
दुपारी अक्कांचा फोन. त्यांनी आपणहून विचारलं, त्याचं काय झालं. सगळं सांगितलं, ठसक्यापासून शेवईच्या तुकड्यापर्यंत. धोट्याचा आवाज कधी बंद झाला ते लक्षात आलं नाही. मग म्हणाल्या, "थांबतात म्हणतेस. खरंच थांबतात?"
"थांबतात अक्का. मी रडले तेव्हापण कोणी काही बोललं नाही."
"रडलीस?"
"हो."
"आणि कोणी काय नाय म्हनलं?"
म्हटलं, पदराने डोळे पुसले माझे.
फोन ठेवला त्यांनी. न सांगता.

शनिवार, १३ डिसें.
अक्का परवा येतायत. सोमवारी सकाळच्या एसटीने. घरी सांगितलंय की सुमनला बरं नाही, बघून येते. खोटं बोलायला लावलं मी त्यांना, देवी क्षमा कर, पण दुसरा रस्ता दिसत नाही. ह्यांनाही एवढंच सांगितलंय की अक्का मला बघायला येतायत. बाकीचं त्या स्वतः सांगतील, सांगायचं तेव्हा. मॅडमना फोन करून दोघींची एकच वेळ घेतली. माझा रिपोर्टही सोमवारीच मिळतोय.
सायलीने विचारलं, रिपोर्ट मी आधी फोनवर विचारून ठेवू का? नको म्हटलं. अक्का बरोबर असताना बघेन.

रविवार, १४ डिसें.
गहू निवडले. अक्कांसाठी वरची खोली झाडली. त्यांना मऊ उशी लागत नाही.
पाटावर बसले, नावं घ्यायला गेले तर उद्याचं मनात येत होतं. तेच नाव तीन तीनदा घेतलं. भीती आहे. आहे ती आहे. पण पाय गार पडत नाहीत आता.
संध्याकाळी अक्कांचा फोन. आवाज बारीक. म्हणाल्या, "सुमन, एक लय अडचण हाय. मला पोथी येत नाय, नावं येत नाय. सगळा जन्म मागावर गेला. तिथं मी काय म्हनू?"
म्हटलं, काहीही म्हणा, मोठ्याने म्हणा म्हणजे झालं. गाडीची पाटी वाचतात तसं एसटीचे थांबे म्हणा. उद्या येतानाच येतील डोळ्यांसमोर.
मग फोनवरच हळूहळू म्हणायला लागल्या. येवला. विंचूर. नैताळे. निफाड.
तिथे थांबल्या. "आणि निफाडला दुखलं तर?"
"तर निफाडलाच थांबायचं, अक्का. गाडी थांबून राहील. तुम्ही म्हणाल तेव्हा चांदोरी."